अर्ध्यावरची खूण

आमच्या शाळेतले गणिताचे सर कुठलीही गोष्ट अर्धी सोडून उठले की तिच्यावर काहीतरी ठेवून जायचे. अर्धा चहा पिऊन तासाला निघाले, तर कपावर खडू आडवा. वर्तमानपत्र अर्धं वाचून झालं, तर त्यावर एक गोटा. तो गोटा खास त्यासाठीच खिडकीत ठेवलेला. डब्यात भात उरला तर त्यात चमचा उभा रोवलेला. फळ्यावरचं गणित सुटायच्या आत घंटा झाली, तर शेवटच्या ओळीखाली डस्टर टेकवून ठेवायचे, आणि पुढच्या तासाला येणाऱ्याने ते हलवायचं नाही असा अलिखित कायदा होता. पुढच्या तासाला मी असायचे. त्यामुळे त्या वर्गाला मी बरंचसं मराठी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर शिकवलेलं आहे.

मी मूळची भंडाऱ्याची, भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत वाढलेली. पवनीकडच्या या खेड्यात नेमणूक झाली म्हणून वैतागूनच आले होते. दर वर्षी बदलीचा अर्ज करायचा आणि तो मंजूर होईपर्यंत इथल्या माणसांना नावं ठेवायची, एवढाच माझा कार्यक्रम होता. पहिल्याच आठवड्यात मी सरांना विचारलं, “सर, त्या खडूने माश्या अडतात का हो?”

“माश्यांसाठी नाही मॅडम, चहासाठी आहे.”

“चहाला काय कळतं?”

“सांगून ठेवा लागते ना. का बा, आपन वापस येऊन राह्यलो, तू थांब.”

हे त्यांनी हसून सांगितलं असतं तर मी विसरून गेले असते. पण ते हसले नाहीत. खडू कपावर नीट मधोमध आहे की नाही ते वाकून पाहिलं आणि वर्गात गेले.

आमचे खेळाचे सर तेव्हा नवीन लग्न झालेले आणि भारी खोडकर. त्यांनी एकदा गंमत म्हणून तो खडू उचलून खिशात टाकला. गणिताचे सर तास संपवून आले, कपाकडे पाहिलं आणि जागीच उभे राहिले. “कोनी काढला जी?” आवाज अगदी हळू होता. त्यांनी कप उचलला, बाहेर जाऊन पेरूच्या बुंध्याशी चहा ओतला, कप विसळला, पालथा घातला आणि खुर्चीवर येऊन बसले. त्यानंतर दुपारभर त्यांचा कंठ वरखाली होत होता. घोट घ्यावा, जरा थांबावं, पुन्हा घोट घ्यावा, तसा. तोंडात काही नव्हतं. खेळाच्या सरांनी दोनदा माफी मागितली. सर म्हणाले, “तुमचं काही नाही बाप्पा. आता होऊन जाईन चहा थंडा.” त्या दिवसापासून खेळाच्या सरांनी त्यांच्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही, आणि मी सरांची थट्टा करणं जरा कमी केलं. बंद मात्र केलं नाही, तो माझा स्वभाव नव्हे.

सर रोज धावायचे. पन्नाशी उलटलेला, वाळलेल्या शेंगेसारखा माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायात मात्र कॅनव्हासचे बूट. पण ते सलग धावायचे नाहीत. सकाळी अर्धं आणि संध्याकाळी अर्धं. शिक्षकाला सलग तासभर मिळतो कुठे? सकाळी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाणी बघायचं, मग शाळा, शाळेत पोषण आहाराचं सामान मोजून द्यायचं, ऑनलाइन माहिती भरायची, मतदार याद्यांसाठी घरोघर फिरायचं. “येवढ्यात कुठं बसवता मॅडम? तं दोन तुकडे केले,” असं ते सांगायचे. खेळाच्या सरांना ही पद्धत फार पसंत पडली. धावण्याचे दोन भाग केले तरी शरीराला फायदा होतोच, पायांनाही विसावा मिळतो, असं त्यांनी स्टाफरूममध्ये भाषणच ठोकलं. विज्ञानाचे सर जोशात येऊन दुसऱ्या दिवशी सकाळचं अर्धं धावले. त्यांचं संध्याकाळचं अर्धं अजून व्हायचंय. मीही भंडाऱ्याहून धावायचे बूट आणले होते. ते खोक्यातच राहिले.

पण सरांच्या धावण्यात एक विचित्र गोष्ट होती. त्यात परतीची वाट नव्हती.

हे समजायला इथला रस्ता सांगितला पाहिजे. आमची शाळा फाट्यावर, भंडारा–पवनी रस्त्याला लागून. सरांचं जुनं गाव फाट्यापासून आत होतं. गाव आणि फाटा यांच्यामध्ये सखल जमीन, तिथे एक मारुतीचं देऊळ आणि पुढे नाल्यावरचा रपटा, म्हणजे बसका पूल. धरण झालं आणि वैनगंगेचं पाणी मागे भरत आलं, तेव्हा ही मधली सखल जमीन बुडाली. गाव उठवून मागच्या उंचवट्यावर नवीन गावठाण वसवलं. आता त्या गावठाणातून जुना डांबरी रस्ता निघतो आणि सरळ पाण्यात उतरतो. पलीकडे, आमच्या शाळेच्या बाजूला, तोच रस्ता पाण्यातून वर येतो आणि फाट्याला लागतो. गावठाणातून शाळेत यायचं तर लांबून, नवीन पुलावरून यावं लागतं.

सर सकाळी गावठाणातून निघून पाण्यापर्यंत धावायचे. मग चालत घरी, आंघोळ करून मोटरसायकलने शाळेत. संध्याकाळी शाळा सुटली की चालत या बाजूच्या पाण्यापर्यंत जायचे आणि तिथून फाट्यापर्यंत धावायचे. म्हणजे रस्ता एकच, फक्त मधला तुकडा गाळलेला. मी एकदा त्यांना म्हटलं, “सर, तुम्ही गणिताचे. दोन अर्ध्यांची बेरीज केली तर मधलं कुठे गेलं?”

“ते चालूच रायते,” सर म्हणाले. “दिवसभर.”

मी मान डोलावली आणि पेपर तपासत बसले. तेव्हा दुपार होती. टेबलाखाली सरांचे दोन्ही पाय हलत होते. ते नेहमीच हलायचे, मला वाटायचं सवय असेल. त्या दिवशी मी नीट पाहिलं. एक टाच उचलायची, मग दुसरी, एका लयीत, न चुकता. वर सर शांतपणे हजेरी लिहीत होते आणि कपाळावरून घामाचे ओघळ येत होते. पंखा चालू होता. मला थंडी वाजत होती.

दुपारच्या सुट्टीनंतर थोड्या वेळाने त्यांचं आणखी एक ठरलेलं होतं. बसलेले असोत की शिकवत असोत, ते अचानक डावीकडे कलायचे. वळणावर सायकलवाला कलतो तसे. मग पुन्हा सरळ. पोरांना ते ठाऊक होतं. “सर वयले,” असं कुजबुजून मुली हसायच्या. पोषण आहाराचा स्वयंपाक करणाऱ्या काकू सरांच्याच गावच्या होत्या. एकदा मी त्यांच्याकडे डाळीचं वरण चाखायला गेले होते. समोरच्या वर्गात खिडकीतून सर दिसत होते. ते कलले. काकूंनी पातेल्यातला डाव थांबवला आणि सहज, घड्याळात पाहावं तसं म्हणाल्या, “मारुतीपाशी पोचला वाट्टे.”

“कोण पोचला?”

“भाऊ आमचा, अजून कोन? मारुतीपाशी रस्ता डावीकडं वयते ना. मंग रपटा लागते.” एवढं बोलून त्यांनी माझ्या हातावर वरण टाकलं. “मीठ पाहा बरं बरोबर हाये का.”

मीठ बरोबर होतं का मला आठवत नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि स्वतःचा रागही आला. बी.एड. झालेली बाई मी.

त्या रागातच एका संध्याकाळी मी सरांच्या मागोमाग पाण्यापर्यंत गेले. धान कापून झालेलं होतं, बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. रस्ता कडेने खचलेला, मधून गवत उगवलेलं, आणि मग तो पाण्यात शिरतो. काठाशी मैलाचा दगड आहे. त्यावर अजून सरांच्या जुन्या गावाचं नाव आणि पाण्याकडे दाखवणारा बाण आहे. सर त्या दगडावर बसले. मला पाहून त्यांनी फक्त बोटाने गप्प राहायला सांगितलं.

पाणी अगदी स्वस्थ होतं. सर त्याच्याकडे नाही, खाली रस्त्याकडे बघत कान देऊन बसले होते. घरचं कुणी गाडीने यायचं असलं की आपण असेच बसतो. बऱ्याच वेळाने बांधावरची टिटवी ओरडली. सर म्हणाले, “आला.” आणि उठून धावत सुटले.

मी तिथेच राहिले. सरांच्या बुटांचा आवाज लांब गेला तेव्हा मी खाली पाहिलं. कोरड्या डांबरावर, पाण्यातून वर आलेले ओल्या पावलांचे ठसे होते. अनवाणी पावलांचे. सरांच्या पायात बूट होते, आणि ते तर दगडावरून उठून गेले होते, पाण्यात उतरलेच नव्हते. ठसे दगडापाशी येऊन त्यांच्या वाटेला लागले होते. कुणी ढिवर मासोळ्या धरून आत्ताच वर आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्याची होडी, डोंगा, कुठे दिसत नव्हता. मी परत येताना एकदाही मागे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना कोपऱ्यात गाठलं. भाजी निवडत त्यांनी सगळं सांगितलं. गाव उठलं त्या दिवशी सामान ट्रकमध्ये भरून लोक मागच्या उंचवट्याकडे निघाले. सर तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. लहानपणापासून ते गावातून फाट्यापर्यंत धावत शाळेत जायचे. म्हणाले, शेवटचं एकदा जुन्या रस्त्याने धावून येतो. धरणाचं पाणी तेव्हा नुकतंच अडवलेलं होतं. ते काही लोंढ्यासारखं आलं नाही, बांध्याबांध्यांतून हळूहळू पसरत आलं. मारुती मागे पडला आणि रपट्याजवळ पाणी सरांच्या पायाला लागलं. मग गुडघ्याला. एक ढिवर डोंगा घेऊन ओरडत आला आणि सर त्यात चढले.

“मग बरं झालं ना, वाचले.”

“वाचले तं वाचले. पन खून नाही ठेवली ना बाई.” काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे सांगावं लागतं याचंच त्यांना नवल वाटत होतं. “आमच्याकडं बांधीत धान लावाचा रोवना अर्धा राह्यला, का बाया शेवटच्या ओळीत रोपाची, पऱ्ह्यांची पेंडी उभी करून घरी येतात. तं बांधी थांबते. नाही केली, तं रोवना थांबत नाही. तुमी घरी येऊन झोपले तरी रातभर कंबर वाकून रायते, हात चालून रायतात. मी सोता भोगलं हाये.”

“आणि सरांचं?”

“त्याचं धावनं अर्धं राह्यलं. डोंग्यात चढतानी काही ठेवाले पाह्यजे होतं तिथं. चप्पल हातात होती त्याच्या. तेच ठेवली असती तरी जमलं असतं.”

सरांनी नंतर सगळं करून पाहिलं होतं. ढिवराला घेऊन त्या जागी जाऊन दगडाला बांधलेली पेंडी पाण्यात सोडली. चपलांचा जोड सोडला. पण खूण थांबताना ठेवायची असते. मागाहून ठेवली तर ती नुसती वस्तू. मग त्यांना एकच उपाय सापडला. तिथे अर्ध्यात राहिलेला तो जो धावतच होता, त्याला सकाळी धावत पाण्यापर्यंत पोचवून द्यायचं आणि संध्याकाळी या बाजूला घ्यायला यायचं. बाकी नोकरी, शेती, याद्या, सगळं त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये बसवायचं. वेळ नाही म्हणून दोन तुकडे केले असं ते लोकांना सांगत. खरं तर तुकडे आधीच झालेले होते, त्यांनी वेळ काढून ते जोडत आणले होते. मला त्या माणसाची एकदम फार माया आली. भीतीही होतीच.

हिवाळ्यात निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण लागलं, भंडाऱ्याला. सरांनी परोपरीने सुट्टी मागितली, मिळाली नाही. प्रशिक्षण लांबलं, बस चुकली, आणि त्या संध्याकाळी मैलाच्या दगडावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते ओठ निळे घेऊन. पाय टेबलाखाली चालूच होते, पण लय गेली होती. अडखळत, थांबत, पुन्हा भरभर. कलायचे ते डावीकडे नाही, कधी उजवीकडे, कधी मागे. श्वास घेताना मान वर करायचे. दुपारच्या आत अंग तापलं. खेळाच्या सरांनी गाडी काढली आणि त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी झालंय. वय, थंडी, दगदग. मला ते पटलं. पटवून घ्यायची मला गरज होती.

पुढच्या दिवशी सकाळच्या बसने मी आणि काकू गेलो. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पायाशी बसून होत्या. चादरीखाली सरांचे पाय हलताना दिसत होते. मला पाहून सरांनी नाकावरची नळी बाजूला केली.

“मॅडम, तो अजून मधातच आहे.”

“सर, बोलू नका.”

“वाट दाखवाले कोनी नव्हतं ना. फिरून राह्यला पान्यात.” त्यांनी मान वर करून श्वास घेतला. “मी आनतो तं तो येते. पन सकाळी पुन्हा तिथंच. सोडून गेलेल्या मानसावर भरोसा नाही त्याचा. दुसऱ्या कोनी आनला असता...”

“का नाही सांगितलं कुणाला?”

“कायले कोनाले लावा मांगं?”

वहिनी तोंडाला पदर लावून रडत होत्या. डॉक्टरांनी त्यांना सकाळीच बाहेर बोलावून काय सांगायचं ते सांगितलं होतं. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे गुडघे गेलेले. मी म्हणाले, “मी आणते त्याला, सर. आज संध्याकाळी.” आजारी माणसाला आपण काहीही कबूल करतो, तसंच ते होतं. पण त्यांनी माझं मनगट धरलं, आणि त्यांच्या हातात बळ होतं.

“मधात थांबू नका. फाट्यावर पोचेपर्यंत. थांबाच लागलं तं काही ठेवा तिथं. चप्पल ठेवा, रुमाल ठेवा. माह्यासारखं नका करू.”

“ठेवेन.”

“आन घ्या.”

मी शपथ घेतली.

संध्याकाळी मी खोक्यातले बूट काढले. ते करकरीत नवीन होते आणि टाचेला चावत होते. ओढणी कमरेला बांधली, फोन कुर्त्याच्या खिशात, आणि रुमाल मुठीत. तो मी मुद्दाम मुठीत धरला होता, म्हणजे विसरायला नको. काकू माझ्याबरोबर पाण्यापर्यंत आल्या आणि बांधावर बसल्या. मी मैलाच्या दगडावर बसले.

“मला कसं कळणार काकू?”

“तुमाले समजन. बसल्या जागी दम लागन.”

ऊन उतरलं. पाण्यावर काही हललं नाही. मला आधी हसू येत होतं. खेळाचे सर आत्ता पाहतील तर काय म्हणतील असं वाटत होतं. मग माझा श्वास वाढला. मी बसलेली होते, आणि छाती भात्यासारखी चालत होती. घसा कोरडा पडला, पोटऱ्या भरून आल्या. फार लांबून कुणीतरी धावत येत होतं आणि त्याचा सगळा थकवा माझ्या अंगात उतरत होता. टिटवी ओरडली. काकूंनी हात जोडले. मी उठले.

मी शाळेत असतानाही कधी धावले नव्हते. पहिल्या थोड्या अंतरात काहीच ऐकू आलं नाही, माझेच बूट धपधप वाजत होते. मग मागून दुसरा आवाज आला. ओल्या तळव्यांचा. चपचप, चपचप. तो जवळ आला आणि माझ्या डाव्या अंगाला लागला. मी मान वळवली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात कुणी नव्हतं, पण त्या बाजूच्या हाताला गार लागत होतं. मी नुसती बडबडत होते. “चला, चला, आलाच फाटा, थोडं राहिलं.” पोरांना सहलीला चालवताना बोलतो तसं. आणि मला भीती वाटत नव्हती. खरंच नव्हती. कुणाला तरी घरी घेऊन चालल्यासारखं वाटत होतं.

पळसाच्या झाडापाशी पोचले आणि खिशात फोन वाजला.

फोन दवाखान्यातूनच असणार. मी थांबले. कुणीही थांबलं असतं. स्क्रीनवर वहिनींचं नाव होतं. आधी मला त्यांचं नुसतं रडणंच ऐकू आलं.

“वहिनी! वहिनी, काय झालं?”

“मॅडम... डोये उघडले यायनं. पाय थांबले.”

माझ्या बाजूची पावलं थांबली नव्हती. ती मला मागे टाकून पुढे गेली. चपचप, चपचप, फाट्याकडे, आधीपेक्षा हलकी आणि भरभर. मी फोन कानाला लावून ती लांब जाताना ऐकत होते. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

“उठून बसले मॅडम! चहा मांगून राह्यले!”

मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले. हसत होते आणि रडत होते. मुठीतल्या रुमालानेच मी डोळे पुसले, नाक पुसलं. मग फाट्याला न जाता तशीच शेतातून आडवी निघून मोठा रस्ता गाठला, मिळाली ती एसटी पकडली आणि भंडाऱ्याला गेले.

सर उशीला टेकून बसले होते. चेहऱ्यावर रंग आला होता. चादरीखाली पाय स्थिर होते. इतकं स्वस्थ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. स्टुलावर चहाचा कप होता, पूर्ण रिकामा, आणि त्यावर काहीही ठेवलेलं नव्हतं.

“पोचला,” ते म्हणाले. “मॅडम, पोचला तो. मले समजलं.” त्यांचे डोळे भरले होते. “अन् तुमी? तुमी पोचल्या ना फाट्यावर?”

मी दुसरं स्टूल ओढून बसले. बसमध्ये बसल्यापासून मला एक गोष्ट खटकत होती. बसून इतका वेळ झाला तरी माझा श्वास खाली बसत नव्हता.

सरांची नजर माझ्या हाताकडे गेली. रुमाल अजून माझ्या मुठीत होता.

ते आधी रुमालाकडे, मग माझ्या पायांकडे पाहत राहिले. स्टुलाखाली माझी एक टाच उचलत होती, मग दुसरी. सर लहान मुलासारखे रडले. वहिनींना वाटलं आनंदाने रडतायत.

दुसऱ्या दिवशी मी पळसाखाली जाऊन रुमाल ठेवला, वर दगड ठेवला. काकू म्हणाल्या, ठेवा बापा, मनाचं समाधान. मग काही दिवस नुसतं संध्याकाळचं धावून पाहिलं, पण चैन पडेना. ज्याला सुरुवातच नाही ते अर्धं पुरं कसं होणार? शेवटी मी गावठाणात काकूंच्या शेजारी खोली घेतली. आता सकाळी मी पाण्यापर्यंत धावते. मग लांबून शाळेत येते. संध्याकाळी या बाजूला दगडावर बसते, टिटवी ओरडते, आणि फाट्यापर्यंत धावते. डांबरावर बुटांचे ओले ठसे असतात. माझ्याच मापाचे.

सर आता निवृत्त झाले. पोट सुटलंय. चहा पूर्ण पितात, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात. संध्याकाळी फाट्यावरच्या टपरीवर बसून माझी वाट पाहतात. मी पोचले की उठून उभे राहतात आणि पाण्याची बाटली पुढे करतात. पहिल्या वर्षी ते दोनदा म्हणाले, “एक दिवस मी आनतो त्याले.” त्याला नाही, तिला, असं मी म्हटलं. आणि नको म्हटलं. ते कुणाच्या मागे लावायचं नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. त्यांच्यावर रागावण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण तो भला माणूस त्या टपरीवर एकही संध्याकाळ चुकवत नाही, त्यामुळे जमलं नाही.

यंदा माझी बदली झाली. भंडाऱ्याला, घरापासून चालत जाता येईल अशा शाळेत. इतकी वर्षं जिच्यासाठी अर्ज केले तीच शाळा. मुख्याध्यापकांनी ऑर्डर माझ्यासमोर ठेवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आईला फोन करून झाला होता, ती आनंदाने शेजारणींना हाका मारत सुटली होती. “पेढे कधी मॅडम?” खेळाचे सर म्हणाले. त्यांचे केस आता पांढरे झालेत. खिडकीबाहेर काकू हातात डाव घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

कार्यमुक्त होण्याच्या कागदावर सही करायची होती. मी पेन उघडलं, आणि डावीकडे कलले. टेबल धरून पुन्हा सरळ झाले. कुणी हसलं नाही.

मी पेनाला टोपण लावलं. ऑर्डर नीट घडी घालून टेबलावर ठेवली, तिच्यावर मधोमध एक खडू आडवा ठेवला. घंटा झाली होती, मी वर्गाकडे निघाले. मारुती मागे पडला होता. रपटा यायचा होता.